सरांनी माझं कौतुक केलं, पण दुसऱ्याकडे

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

कोथरूडच्या एका ऑफिसात मी तीन वर्षं शाळेच्या बसचे रूट लावते. आमचे मॅनेजर मराठे सर. माणूस सरळ, पण तोंडातून कधी ‘छान’ म्हणून निघत नाही. त्याला कंटाळून मी बाणेरला दुसरी नोकरी बघितली.

आज तिथून माझी चौकशी करायला सरांनाच फोन आला. मी फाईल घेऊन त्यांच्या दारात उभी होते.

“धायरीचा रस्ता अचानक बंद झाला, तेव्हा या बाईंनी अर्ध्या तासात अकरा बस वळवल्या. मला जमलं नसतं. तुम्ही नेलंत तर आमची पंचाईत आहे. तरी न्या.”

फोन ठेवल्यावर त्यांना मी दिसले.

“सर, हे मला कधी म्हणाला नाहीत.”

“तुम्हाला काय सांगायचं? बस तुम्हीच वळवल्या होत्यात ना?”

राजीनामा टाईप करून झालाय. पाठवायला हात धजत नाहीये. हेच त्यांनी मला एकदा सांगितलं असतं, तर मी बाणेरची नोकरी बघितलीच नसती.

आता ऐकलंय. मग थांबू का?