जुन्या जहाजाचा पंप

माझी मुलगी आणि तिचे कॉलेजातले चार मित्र मिळून एक गोष्ट लिहितात. अंतराळातल्या ताफ्याची. प्रत्येकाकडे एक जहाज, आणि पुढे काय घडणार ते ग्रुपवर मतदानाने ठरतं. तिचं जहाज सगळ्यांत जुनं. ते निवृत्त करायचा प्रस्ताव आला होता. जहाज गेलं की तिची सगळी पात्रं गोष्टीबाहेर. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात दोन दिवस सुतक होतं.

"कारण काय देतात?" मी गवार मोडता मोडता विचारलं.

"डिझाइन जुनं झालं. स्पेअर मिळत नाहीत म्हणे."

मी कान टवकारले. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्स बघते. नवी मशीन घ्यायचं कुणीतरी मनात ठरवलं, की जुनीचे स्पेअर मिळेनासे होतात. तोवर तीच सगळ्यांना चालते. नवं पॅनल लावा, रंग मारा, ढकला पुढे. तीही मायेने ठेवत नाहीत. बंद पडली तर कुठे ठोकायचं ते माणसांना माहीत असतं, म्हणून.

"प्रस्ताव कोणाचा?"

"ज्याचं नवीन जहाज आहे, त्याचा."

"वाटलंच. ते नवीन कधी बंद पडलं होतं?"

"मागच्या भागात. मग माझ्या जहाजाचा पंप काढून..." ती थांबली. "आई! त्यानेच नेला!"

"परत बसवला?"

"कुठला!"

"आमच्याकडे हेच चालतं. एकीचा पार्ट काढून दुसरी चालू करायची आणि मग पहिलीला खटारा म्हणायचं."

तिने ते तसंच ग्रुपवर टाकलं. जेवणापर्यंत निकाल लागला. जहाज ताफ्यात राहिलं, पण गोदीत उभं. नव्याला पार्ट पुरवण्यासाठी.

"हे काय वाचवणं झालं?" ती ताट पुढे ढकलत म्हणाली. "माझी माणसं तिथे नुसती बसून राहणार."

"नवं जहाज पुन्हा बंद पडणारच. तो मुलगा पार्ट मागायला आला की अट घाल. बसवायला माणूस आमचाच येईल, आणि चालतंय याची खात्री होईपर्यंत तिथेच राहील."

"आणि खात्री कधी होणार?"

"ते तुझा माणूस ठरवेल."

तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं. कारखान्यात मी काय काय करते, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मग ताट जवळ ओढलं आणि डाव्या हाताने टाइप करायला लागली.