दुधात काय उतरतं

बाळाला हात लावण्याआधी भागीबाई बाळंतिणीचं ताट बघायची. मला आणि दीड महिन्याच्या ओजसला न्हाऊ घालायला ती रोज सकाळी दिघाशीहून भिवंडीला आमच्या घरी यायची. पदर खोचण्याआधी स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "आज ताईला काय दिलंत?"

उत्तर ठरलेलं असे : मऊ भात, तूप, मेतकूट. आम्ही शाकाहारी. त्यात बाळाला सर्दी होईल म्हणून सासूबाईंनी माझं दूध-दहीसुद्धा बंद केलं होतं. "हिला दूध भरपूर येतंय ना? मग झालं," त्या म्हणायच्या. भागीबाई माझ्या पाठीला तेल चोळत पुटपुटायची, "दूध हाय. पन दुधात काय हाय, ते कोन बघतंय? आईच्या अंगात न्हाय ते पोराला कुठनं मिळंल?"

मला सारखी चक्कर यायची. एकदा मीच हळूच म्हणाले, "भागीबाई, तुमच्याकडे कोंबड्या आहेत ना? एखादं अंडं आणाल?" दुसऱ्या दिवशी तिने पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं. मी जेमतेम अर्धं खाल्लं, तोच सासूबाई दारात.

"हे कोणी मागवलं?"

"मी नाही मागितलं," मी म्हणाले.

भागीबाईने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "मीच आनलं, काकू. चुकलं माजं." तिने हात धुतले, ओजसचं टोपडं नीट केलं आणि गेली. उद्यापासून येऊ नकोस, असं सासूबाईंनी तिला जिन्यातच सांगितलं.

आठव्या महिन्यात ओजस हसेनासा झाला. बसायला लागलेलं मूल मान टाकू लागलं, हात थरथरू लागले. डॉक्टरांनी त्याच्याबरोबर माझंही रक्त तपासलं. "दूध कमी नाही," ते म्हणाले, "पण तुमच्याच शरीरात बी-ट्वेल्व्ह फार कमी आहे, त्यामुळे ते दुधातही उतरलं नाही." दोघांनाही इंजेक्शनं सुरू झाली. काही दिवसांनी तो पुन्हा हसला, हळूहळू सावरला. एका अंड्याने हे टळलं नसतं, हे मलाही कळतं. पण भागीबाई येत राहिली असती, तर रोज कोणीतरी सासूबाईंना टोकत राहिलं असतं.

ओजस चालायला लागल्यावर त्याला घेऊन मी दिघाशीला गेले. भागीबाई दिवाळीआधीच तापाने गेली होती. तिच्या सुनेने ओट्यावर चटई टाकली. भागीबाई माझ्याबद्दल काही बोलली होती का, असं मी तिला विचारलं.

"तुमचं नाव घ्यायची. काम का सोडलं इचारलं, तर बोलली, गुडघं दुखतात, रिक्षात चढवत न्हाय."

मी तिला खरं काय झालं ते सगळं सांगितलं.

"गुडघं तिचं कधीच दुखत नव्हतं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.