नातीचा चेहरा मी उजळवला

"काका, हा फोटो असा नाही जाणार."

आमच्या पेपरच्या पुरवणीची संपादक माझ्या मुलीच्या वयाची. तिनं फोटो माझ्या टेबलावर टाकला. फोटोत माझी मुलगी सुजाता, जावई जोसेफ आणि दोघांच्या मध्ये सहा वर्षांची मित्रा. माझी नात.

मी म्हणालो, "का? फोकस तर नीट आहे."

"फोकसचं नाही हो. पुरवणी रविवारी सकाळी चहाबरोबर लोकांच्या हातात पडते. उगाच कुणी दचकायला नको."

आजूबाजूचे दोघंतिघं हसले. तीही हसली. मग जरा खाली वाकून म्हणाली, "रागावू नका हं. तुमच्याच घरचं काम आहे, तुम्हीच जरा उजळा. पाच मिनिटं लागतील."

मी रागावलो नाही. हे आधी लिहून टाकतो. मी खुर्ची पुढं ओढली आणि माउस हातात घेतला.

पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या येत होत्या. मुलं परदेशी जात होती, परदेशी सुना-जावई येत होते, आणि पेपरांना त्यांचं भारी कौतुक होतं. त्या पुरवणीच्या पहिल्या पानावर एक नटी, तिचा गोरा नवरा आणि त्यांचं बाळ होतं. बाळाच्या निळ्या डोळ्यांवर दीड कॉलम मजकूर. आत तीन साधी कुटुंबं. कोथरूडचे एक अमेरिकन जावई पुरणपोळी खात होते. एक फ्रेंच सून नऊवारीत उभी होती. त्यांच्या फोटोंना हात लावायची गरज पडली नाही. तिसरं कुटुंब आमचं. आमचं नाव मीच सुचवलं होतं. मलाही हौस होती.

जोसेफ केनियाहून इथं कॉलेजला आला आणि सुजाताच्याच कंपनीत लागला. मराठी असं बोलायचा की फोनवर कुणाला शंका यायची नाही. म्हणून भाड्याचं घर फोनवर ठरायचं आणि दारात त्याला पाहून मोडायचं. शेवटी वाघोलीला मिळालं. पहिल्यांदा तो आमच्याकडे आला तेव्हा जिन्यात शेजाऱ्यांनी विचारलं, तर मी म्हणालो, "सुजाताच्या ऑफिसातले आहेत." लग्न ठरलं होतं तेव्हा. तो माझ्या शेजारीच उभा होता. त्याला सगळं समजलं होतं.

आणि मी कोण? आमच्या घरानं धम्म स्वीकारलेला. उमेदीची वीस वर्षं मी बुधवार पेठेतल्या एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत काढली. काम माझं, पण काउंटरवर मी कधीच नाही. मालक म्हणायचे, "तुमचा हात सोन्याचा आहे हो, पण गिऱ्हाईक बिचकतं." आडनाव विचारून बिचकणारी ती गिऱ्हाइकं. त्यांच्याच मुलींचे लग्नासाठी काढलेले फोटो मी आत बसून उजळायचो. निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं जिथं काळं कराल, तिथं छापल्यावर उजळतं. सावळी मुलगी गव्हाळ, गव्हाळ मुलगी गोरी. शेकडो चेहरे असेच खोडले. त्याला मी कला समजत होतो. त्याच हाताच्या जोरावर पेपरात लागलो.

कुणाच्या तरी नजरेला त्रास होतो म्हणून आत बसणं काय असतं, हे त्या ऑफिसात माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरीही मी ते केलं.

आधी जोसेफचं कपाळ उजळलं. मग गाल. मग मित्राचा चेहरा. तिचे केस फार दाट, कुरळे. ते थोडे बसवले. नाक बारीक दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना जरा सावली दिली. संपादक मागं येऊन उभी राहिली. "अय्या, काय गोड दिसतेय आता!"

आता.

रविवारी जोसेफनं पेपर पाहिला. बराच वेळ पाहिला. मग घडी घालून माझ्यापुढं ठेवला. "बाबा, सुजाता छान आलीय," एवढंच म्हणाला. सुजातानं त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. मी म्हणालो, छपाईत असं होतं. पोटच्या मुलीशी खोटं बोललो.

पंधरा दिवसांनी मित्रा माझ्या शेजारी येऊन बसली. हळूच विचारलं, "आजोबा, उद्या शाळेत वर्गाचा फोटो आहे. तुम्ही मला फोटोच्या आधी करता की नंतर?"

मी समजलो नाही असं दाखवलं.

तिनं समजावून सांगितलं. "पेपरात केलं होतं ना, तसं. आधी करणार असाल तर मी लवकर उठते."

 

पुढच्याच महिन्यात तीच संपादक दुसरा फोटो घेऊन आली. एक मॉडेल. आई मराठी, वडील आफ्रिकेतले. परदेशात नाव काढलं होतं तिनं. मथळा तयार होता, 'आपली लेक जगात भारी'. संपादक म्हणाली, "पहिल्या पानावर जातेय, काका. जरा आपल्यातली दिसू दे."

मी म्हणालो, "ती दिसते तशीच आपल्यातली आहे. मी हात लावणार नाही."

"इश्श, काका! स्वतःच्या नातीचा केलात की. हिचं काय एवढं?"

 बरोबरच बोलत होती ती. मी माउस बाजूला सारला, डबा उचलला आणि जिना उतरलो. परत गेलो नाही. फोटो मात्र छापून आला. उजळलेला. दुसऱ्या कुणाला तरी पाच मिनिटं लागली असतील.

नोकरी सोडली म्हणून मी बरीच वर्षं स्वतःला शाबासकी देत राहिलो. ती खोटी होती. नकार दिला तो परक्या मुलीसाठी. घरातल्या मुलीचा चेहरा खोडून झाल्यावर.

मित्रा आता सव्वीस वर्षांची आहे. मी काढलेला एकही फोटो ती स्वतःजवळ ठेवत नाही. गेल्या आठवड्यात मी तो मूळ फोटो, न उजळलेला, मोठा छापून तिला द्यायला गेलो. माफीचे शब्द पाठ केले होते. तिनं फोटो हातात घेतला नाही.

"आजोबा, मला कशाला? मी कशी दिसते ते मला माहितीये. ज्यांना तो दुसरा दाखवलात, त्यांना नेऊन दाखवा."

वीस वर्षांपूर्वी तो फोटो छापून आला तेव्हा आमच्या इमारतीत घरोघरी पुरवणी मीच वाटली होती, पेढ्यांसकट. बायका म्हणाल्या होत्या, "जावई तसे काही वाटत नाहीत हो." मी आभार मानले होते.

मी चौदा प्रती छापल्या आहेत. उद्या सकाळी पहिल्या मजल्यापासून सुरुवात करतो. प्रत्येक दारात सांगणार आहे : हा माझा जावई, ही माझी नात. पेपरात आला तो फोटो खोटा होता. तुम्हाला चालावा म्हणून मी तो केला. छपाईची चूक नव्हती. मी केला.

कुणी दार लावून घेतलं, तर पुन्हा बेल वाजवेन.