भोंग्यानंतरचा पाठ

दोन्ही तळवे आभाळाकडे उघडे करायचे, खांदे जरा उडवायचे आणि म्हणायचं, "आपल्या हातात काय आहे?" रामघाटावरच्या आमच्या गुरुजींना ओळखणाऱ्या कोणालाही विचारा, पहिल्यांदा तो हेच करून दाखवील. दूध नासलं, वीज गेली, गंगा पायऱ्या चढून गल्लीच्या तोंडाशी आली, की तळवे उघडलेच. मात्र एवढं म्हणून झालं की गुरुजी दूधवाल्याशी मनसोक्त भांडत. हातात काही नाही याचा अर्थ तोंडातही काही नाही असा त्यांनी कधी घेतला नाही.

मी बँकेतला माणूस. बदली होऊन काशीत आलो, त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं आणि इथलाच झालो. ते मला "अहो बँकवाले" म्हणत. ते वेदपाठशाळेत शिकवत. पाठ म्हणताना कुठला स्वर किती लांबवायचा हे त्यांच्या अंगातच होतं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी त्यांचं अडत नसे. "दोन सूक्तं झाली, आता भात उतरवा," असं ते आत सांगत आणि काकूंचा भात कधी लागला नाही.

अशा घरातली मुलगी, मुक्ता, रग्बी खेळू लागली. कॉलेजात ती धावायची, तिथे एका प्रशिक्षकाने तिला हेरलं. गुरुजींनी परवानगी दिली ती फुटबॉल समजून. पुढे कोणीतरी मोबाइलवर खरा खेळ दाखवला तेव्हा त्यांनी तिला हाक मारली.

"मुक्ते, ही मुलगी हिच्या अंगावर का पडलीय?"

"बाबा, तोच तो खेळ है ना!"

"आणि पंच बघत उभा?"

"बाबा, पंच भी खुश है."

तळवे उघडले. मुक्ता मात्र खेळत राहिली आणि एक दिवस भारताच्या संघात गेली. मधे तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पुन्हा तोच गुडघा गेला तर खेळ संपला, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून गुरुजींचं मागणं एकच. जिंकू दे, हरू दे, पोरगी स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर येऊ दे.

आशियातल्या देशांची स्पर्धा होती, परदेशात. सामने मोबाइलवर दिसायचे, पण आमच्या गल्लीत मोबाइल म्हणजे नुसता आरसा. यावर तोड काढली घाटावरच्या नावाड्याने, बिरजू मल्लाहने. "गुरुजी, बीच धार में चलिए. उहाँ फुल नेटवर्क है." तेव्हा कार्तिकातल्या एका दुपारी आम्ही तिघे नावेत बसलो. काकू आल्या नाहीत. "तुम्ही बघा आणि मला फक्त शेवट सांगा," म्हणाल्या.

मी आदल्या दिवशी नियम वाचून ठेवले होते. आकड्यांशिवाय मला कुठलीच गोष्ट समजत नाही. दोन्ही बाजूंना सात-सात मुली. सात मिनिटांचा एक डाव, असे दोन. चेंडू पलीकडच्या रेषेपार टेकवला की पाच गुण, त्यावर लाथेने खांबांमधून घातला की आणखी दोन. गुरुजींनी सगळं ऐकलं, पण त्यांना भावली ती सात मिनिटं.

"म्हणजे पुरुषसूक्त आणि त्याला जोडून श्रीसूक्त. पाठशाळेच्या लयीत बरोबर बसतं. मी डोळे मिटून तेवढं म्हणतो. संपलं की बघतो."

"गुरुजी, एक अडचण आहे. सात मिनिटांचा भोंगा झाला तरी खेळ थांबत नाही. चेंडू बाहेर जाईपर्यंत किंवा कोणाची चूक होईपर्यंत चालूच राहतो."

"असं कसं? वेळ म्हणजे वेळ."

"नियम आहे."

"मग तो नियम कच्चा आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

पहिल्या डावाला त्यांचंच खरं ठरलं. श्रीसूक्त संपायला आणि चेंडू रेषेबाहेर जायला एकच गाठ पडली. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी बँकेचा ताळेबंद चुकवला होता. "बघा. बसलं की नाही?" बिरजूने तर हात जोडले.

दुसऱ्या डावात आपण मागे पडलो. बारा आणि दहा. समोरच्या देशाचं नाव गुरुजी घेत नसत. "त्या मुली" म्हणत. त्याही कोणाच्या तरी, म्हणून असेल. त्यांचे ओठ हलत होते, नाव हलत होती, मी फोन दोन्ही हातांत धरून बसलो होतो. पाठ संपला. भोंगाही झाला. गुरुजींनी हसऱ्या चेहऱ्याने डोळे उघडले.

"झालं? आली बाहेर?"

झालं नव्हतं. चेंडू आपल्याकडे होता, आणि मुक्ताच्या हातात होता.

आपली मुलगी खेळताना गुरुजींनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती कडेकडेने पळत होती, उजव्या गुडघ्याला काळी पट्टी. दोघीजणी तिच्यावर धावून येत होत्या. गुरुजींनी माझं मनगट पकडलं.

"चेंडू बाहेर गेला की संपतं ना? तुम्हीच म्हणालात ना?"

"हो, पण मग आपण हरू."

"मग टाक ना बाहेर! मुक्ते, टाक! टाक गं बाई!"

गंगेच्या मध्यावरून ते फोनला ओरडत होते. एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जाणाऱ्या यात्रेकरूंची नाव जवळून गेली, त्यातल्या बायका माना वळवून बघू लागल्या. मुक्ताने टाकला नाही. रेषेच्या अलीकडे दोघींनी तिला खाली ओढलं, चेंडू निसटला, शिट्टी वाजली. बाकीच्या उठल्या. ती उठली नाही.

आणि तिथे चित्र थांबलं. पडद्यावर ते छोटं चक्र फिरू लागलं. बिरजूने घाईघाईने वल्ही मारली, नाव आडवी घेतली, उभी घेतली. चित्र आलं तेव्हा पुढचा सामना सुरू झाला होता, दुसऱ्याच दोन देशांचा. फोन लावला, लागेना.

"आता काय म्हणू?" गुरुजींनी मला विचारलं. "माझा पाठ संपला हो."

मी पुन्हा नंबर फिरवला. ते पुन्हा पुरुषसूक्तापासून सुरू झाले. या खेपेला डोळे उघडे होते. नाव वाहत पंचगंगा घाटापुढे गेली तरी बिरजूने वल्ह्याला हात लावला नाही.

दिवेलागणीला मुक्ताचाच फोन आला. घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहून गुरुजींनी तो घेतला.

"पाय कसा आहे?"

"पाय ठीक है, बाबा. लागलं नाही काही."

"मग उठली का नाहीस?"

"चेंडू सुटला ना माझ्या हातून. उठवेना."

फोन ठेवून गुरुजी पायरीवर बसले. मला वाटलं, आता तळवे उघडतील. त्यांनी दोन्ही हात उपरण्याखाली घेतले. "ती जीव तोडून धरून होती," ते म्हणाले, "आणि मी बाप तिला टाक म्हणत होतो." काकूंना त्यांनी फक्त शेवट सांगितला. पोरगी धडधाकट आहे.

पुढच्या माघात गुरुजी गेले, झोपेतच. काकू आता मुक्ताकडे असतात. पाठशाळेत नवे गुरुजी आले आहेत, घड्याळ बघून शिकवतात.

यंदा पुन्हा तीच स्पर्धा होती. बिरजू दारात येऊन उभा राहिला. मी चपला घातल्या. नावेत गुरुजींच्या फळीवर दोघांपैकी कोणी बसलं नाही. दुसऱ्या डावाचा भोंगा झाला तेव्हा आपण मागे होतो, आणि चेंडू मुक्ताकडे होता.

"साहब, अब?" बिरजूने विचारलं. "अब कौन सा पाठ?"

मला एकही येत नाही. काळ्या पट्टीचा तो गुडघा दिसत होता, त्या मुली धावून येत होत्या. "टाक गं बाई," असं मी म्हणालो; मोठ्याने म्हणालो, हे मला बिरजूच्या चेहऱ्यावरून कळलं.

तिने टाकला नाही.