दादूस आणि गाठीतली भावकी

"त्या पेशी कोनच्या? आदी मना त्या सांग!"

ठाण्यातल्या हॉस्पिटलात, रेडिएशनच्या खोलीच्या दारात दादूस ओरडत होते. ती हाक खाडीतल्या माशांनीही ऐकली असणार. आणि हा माणूस म्हणे घशात गाठ झालेला, आवाज बसलेला! त्यांच्या धडधाकट आवाजाने वागळे इस्टेटमधल्या कारखान्याचं चालू मशीन बंद पडलेलं मी स्वतः पाहिलंय. लोक म्हणतात वीज गेली होती. लोकांचं काय!

दादूस आमच्या गावठाणातले. वाडवडील मिठागरात राबलेले. मी त्यांचा भाडेकरू, म्हणून त्यांना रोज गाडीतून हॉस्पिटलात नेण्याचा मान माझा. कुणीही भेटो, पहिला प्रश्न, "तू कोनचा?" एकदा हवालदाराने गाडी अडवली, तर त्यालाही तेच. बघता बघता तो यांच्या मावशीच्या सासरचा निघाला आणि वर आम्हालाच चहा पाजून गेला.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या की, गाठीत सगळ्याच पेशी कॅन्सरच्या नसतात. गाठीला आधार देणाऱ्या, रक्त पोचवणाऱ्या साध्या पेशीही असतात. झालं!

"त्या तुमच्याच, काका," डॉक्टर म्हणाल्या. तरुण पोरगी, पण डगमगली नाही.

"आपल्याच? आन् तू त्यांच्यावं किरन सोरतेस?" दादूसनी बाकावर बैठक मारली. "आपली मानसं मारून मना जगायचं नाय. चल रं, गारी कार." हा गाडी काढायचा हुकूम मला.

सोबत आलेल्या वहिनींनी, दादूसच्या बायकोने, पदर तोंडाला लावला. उपचार अर्ध्यावर आलेले. आता खाडा केला तर गाठ पुन्हा जोर धरेल, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. मलाही हसू येईना.

डॉक्टर शेजारी येऊन बसल्या. "सगळ्या मरत नाहीत हो. पुष्कळशा जागच्या जागी राहतात, पण बदलतात. काही आखडून कडक होतात. काही शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना हाक मारतात. आणि काही उलट गाठीलाच रसद पुरवतात."

"कोन कंच्या बाजूला जानार, कलतं?"

"आधी नाही सांगता येत. अजून शोध चाललाय."

दादूस बोटांवर कुणाची तरी मोजदाद करू लागले.

"म्हंजे भावकी," ते हळूच म्हणाले.

गावठाणात बिल्डर घुसला तेव्हा भावकीतले काही दादूसच्या पाठीशी उभे राहिले, काही दार लावून बसले. आणि सख्खा धाकटा भाऊ बिल्डरच्या माणसांना दुपारचं मटण पोचवत होता! दादूस त्याच्याशी रोज न चुकता भांडत. घसा धरल्यापासून तेवढं डॉक्टरांनी बंद करायला लावलं होतं.

"पयला बिल्डरला घालव," दादूस उठले. "भावकीचं मंग बगू." आत जाऊन, किरणं देताना डोकं हलू नये म्हणून त्यांच्या तोंडावर जाळीचा मुखवटा चढवणाऱ्या पोराला विचारलंच, "तू कोनचा?"

पुढे किरणांनी घसा सोलवटला, पेज उतरेना, आवाज पार गेला. दादूस हाताने खुणा करत. गावठाण इतकं गप्प झालं की कुत्री बावचळली. वहिनी मुद्दाम भांडी आपटत. घरात काहीतरी वाजायला हवं ना.

उपचार संपल्यावरच्या तपासणीत गाठ दिसली नाही, हे मला माझ्या गावी फोनवर कळलं. परतल्यावर पेढे घेऊन धावलो, तर ओटीवरचा झोपाळा रिकामा. आत हाक नाही, खोकला नाही.

"वहिनी... दादूस?"

वहिनी सुकट निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सकाली आवाज परत आला. भावाशी भांडाया गेलेत."