भासऱ्यांची बंदूक

राज्यांची नव्यानं वाटणी झाली तेव्हा मी रामाकोन्याजवळच्या एका शेतकरी घरात नवी सून होते. नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, त्याचा धसकाच घेतला. आपला संत्र्याचा बगीचा नव्या हद्दीत जाणार, मोजणीवाले येऊन राहिले, असं ते दिवसभर बोलत. जेवण सुटलं, झोप उडाली. रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक मात्र ते क्षणभर खाली ठेवत नसत.

जाऊबाईंनी सासऱ्यांना विनवलं, "मामाजी, बंदूक ठाण्यात जमा करा. यांयचं डोकं ठिकाणावर नाही."

"माह्या पोराले तू पागल म्हणतं?" सासरे एवढंच बोलले आणि उठून गेले.

मग त्या एकट्याच सौंसरच्या ठाण्यात गेल्या. ठाणेदारानं विचारलं, नवऱ्यानं कोणाला काही केलं आहे का? नाही म्हटल्यावर तो म्हणाला, मग परवाना काढून घेता येत नाही.

"करेपर्यंत वाट पाहू का?" जाऊबाईंनी विचारलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भरदुपारी बगीच्यात बार झाला. माझा नवरा भावाचा डबा घेऊन गेला होता. आम्ही धावलो. तो बांधावर पडला होता, खांद्यात छर्रे घुसलेले. भासरे त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणत होते, "मोजणीवाला होता ना? तू कसा आला?" मला रडूही फुटेना. मातीत सांडलेल्या वरणाकडे मी नुसती पाहत राहिले.

नवरा वाचला, पण त्याचा हात पुन्हा वर उचलला गेला नाही. डुकरावर झाडलेला बार चुकून लागला, असं सासऱ्यांनी आणि माझ्या नवऱ्यानं पोलिसांना सांगितलं; चौकशीसाठी ते बंदूक घेऊन गेले. भासऱ्यांना नागपूरच्या पागलखान्यात ठेवलं. कित्येक महिन्यांनी ते परतले. वाळले होते, पण पहिल्यासारखे शांत.

आणि एका सकाळी शिपाई बंदूक घेऊन दारात. चौकशी मिटली होती, परवाना चालू होता, म्हणून तो ती परत द्यायला आला होता. सासऱ्यांनी ती घ्यायला हात पुढे केला. जाऊबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

तेवढ्यात भासरे बाहेर आले. "वापस ने," ते शिपायाला म्हणाले.

"आता तं तू बरा झाला," सासरे म्हणाले.

"आज बरा आहो, बाबा. पुढचं मले का मालूम? परवानाच नोको."

सासरे ओसरीवर मटकन बसले. भासऱ्यांनी चपला घातल्या आणि परवाना रद्द करायला ते शिपायासोबत निघाले. जाऊबाईही डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांच्यामागे गेल्या.