चंपतरावांच्या सायकलीची गठाण

आदिलाबादच्या मंडल कचेरीतल्या चंपतराव दुर्गे यांना नुसतं चालताना कोणी पाहिलेलं नव्हतं. निदान चंपतरावांची तशी पक्की समजूत होती, आणि ती मोडायला कधी कोणी गेलं नाही.

लहानपणी कापसाच्या भरल्या गाडीवरून पडून त्यांचा डावा पाय मोडला होता. गावातल्या हाड बसवणाऱ्यानं तो बसवून दिला. पण बसवताना त्याचं लक्ष बहुधा दुसरीकडे असावं, कारण पाय उजव्यापेक्षा दोन बोटं कमी भरला. पुढे नोकरी लागली, चंपतरावांनी काळी सायकल घेतली आणि त्या दिवसापासून दोन बोटांचा प्रश्न मिटला. दारातल्या दगडावरून ते सायकलीवर बसत आणि कचेरीच्या ओट्याला टेकून उतरत. मग हँडल धरून, एखाद्या पाहुण्याला आत घेऊन यावं तसे, सायकलीला घेऊन थेट टेबलापर्यंत जात. साहेब आले आणि गेले, जुनी उर्दू दफ्तरं गेली आणि तेलुगू कागद आले, पण टेबलाशेजारची सायकल हलली नाही. एका नव्या तेलुगू साहेबानं विचारलं, "एमय्या, हे ऑफिस आहे की सायकलस्टँड?" चंपतराव गंभीरपणे म्हणाले, "साहेब, चोऱ्या फार वाढल्या." साहेबांनी त्यांच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि फायलीत डोकं घातलं. आपण साहेबाला कसं गप्प केलं, हे चंपतरावांनी पुढे बरेच दिवस सांगितलं.

मुलीच्या, विशाखाच्या लग्नातही तेच. मुलगा मंचेरियलचा, वायरिंगच्या कामात हुशार. वऱ्हाडी जेवायला बसले आणि वधूचे वडील पंगतीतून सायकल घेऊन फिरू लागले. कॅरिअरवर बुंदीची परात, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातानं आग्रह. मंचेरियलच्या पाहुण्यांना वाटलं, इकडची पद्धत असेल.

लग्नानंतर जावई मस्कतला गेला, विशाखा तिथल्या दवाखान्यात नर्स झाली. शहाण्णव साली एका रविवारी एसटीडी बूथवर तिचा फोन आला.

"जयभीम, बाबा. आईले पाठवा. सहावा महिना लागला, मले गावाले यायची सुट्टी नाही भेटत."

"तुझी माय एकटी विमानात बसत नाही म्हणते."

"मंग तुमीबी या ना."

चंपतराव थोडा वेळ बूथच्या काचेतून बाहेर उभ्या सायकलीकडे बघत राहिले. "मी आलो तर सायकल येईन."

"बाबा, इथं सायकली भेटतात."

"भेटत असतीन. मले हीच पायजे."

विशाखाला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "आणा मंग. विमानात सायकल नेऊ देतात म्हणे. पण तशी नाही चालत. कशात तरी घालून आणा."

कशात तरी. हे दोन शब्द चंपतरावांच्या डोक्यात शिरले आणि त्यांनी तिथे मुक्काम ठोकला.

लोकांना ते सांगत, "तिकडची हवा जड असते, व्यायाम पायजे." खरी भीती वेगळी होती. जावयाला पायाचं माहीत नव्हतं. तीन महिने जावयाच्या घरात, सायकलीशिवाय, खाटेपासून मोरीपर्यंत लंगडत जायचं, आणि तो बघणार. मुलगी देताना पाय झाकून ठेवला, असं त्याच्या मनात येणार. सायकल धड पोचली तर इज्जत राहील, नाही पोचली तर गेली, इतका साधा हिशेब होता.

पहिल्यांदा ते गेले फकिराकडे. फकिरा पत्र्याच्या पेट्या करायचा. त्यानं सायकलीभोवती दोरी फिरवून माप घेतलं, कान खाजवला आणि म्हणाला, "भाऊ, पेटी होऊन जाईन. पण माणूस आडवा झोपंल एवढी होईन. अन् आत सायकल खडखड करंल. दोन-चार पोत्ते कोंबा लागतीन."

"पत्रा तापत नाही का? वर ठेवली तर?"

"वर म्हंजे?"

"विमानाच्या टपावर."

फकिरा विचारात पडला. आदिलाबादहून नेरडीगोंड्याला जायचं तर सायकल बसच्या टपावर जाते, शेळी आत येते. विमानही बसच, फक्त चाकं कमी लागतात. "तापंल," तो म्हणाला. "सूर्याच्या जवळूनच जाते ते. टायर वितळले तर माह्यावर नका येऊ."

झालं, पेटी बाद. पण सामान टपावर जातं की पोटात, हे सांगणारं कोण? गावातल्या आख्ख्या ओळखीत विमानात बसलेला माणूस एकच, कापसाचे अडते सुधाकरराव. ते एकदा मुंबईला उडून आले होते आणि त्यानंतर काही वर्षं दुसरं बोलले नव्हते. चंपतराव त्यांच्या गादीवर गेले. सायकल पायरीला लावली, हात लांबवून तिचं हँडल धरूनच बसले.

"सामान कुठं ठेवतात, सुधाकरराव?"

"मी बॅग एका बाईले दिली. तिनं हसून घेतली."

"मंग?"

"मंग मुंबईत उतरलो तर बॅग एका पट्ट्यावर बसून गोल गोल फिरून राह्यली होती. मजेत होती."

"अन् मधात?"

"मधात मी खिडकीतून पाहून राह्यलो होतो. ढग होते."

"ढगात बॅग दिसली का?"

सुधाकररावांनी पानाचा तोबरा सांभाळत बराच विचार केला. "नाही दिसली. म्हंजे टपावरच असंल. टप खिडकीतून दिसत नाही."

आता पाऊस आला. म्हणजे आकाशात नाही, चंपतरावांच्या डोक्यात. ढगातून जायचं म्हणजे सायकल भिजणार, चेन गंजणार. कचेरीतला एक जण म्हणाला, फ्रीजचा खोका आणा, गल्फहून येणारे म्हणे सगळे खोकेच आणतात. दुसरा म्हणाला, ढगात खोक्याचा लगदा होईल. तिसरा म्हणाला, शिंप्याकडून गवसणी शिवून घ्या, तबल्याला असते तशी. चौथा म्हणाला, बिछान्यात गुंडाळा. संध्याकाळपर्यंत कचेरीचे तट पडले, एका कोपऱ्यात खोकेवाले आणि दुसऱ्यात गवसणीवाले. जमिनीच्या उताऱ्यासाठी आलेला एक म्हातारा शेतकरी उभ्या उभ्या पत्र्याच्या बाजूनं मत देऊन निघून गेला. सायकलीचे भाग सुटे करून नेता येतील, हे एवढ्या मंडळीत कोणाच्या डोक्यात आलं नाही. सायकल म्हणजे सायकल. बैल कोणी सुटा करून नेतो का?

चंपतराव रात्री भाकरी पुढ्यात घेऊन नुसते बसू लागले. मनकर्णाबाई पंधरा दिवस काही बोलल्या नाहीत. सोळाव्या दिवशी त्यांनी वरण वाढता वाढता विचारलं, "कापसात काऊन नाही बांधत?"

"काय?"

"गठाण करा. आपल्या इथून कापूस जगभर जाते. कोनत्या गठाणीले काही झालं म्हून ऐकलं का तुमी?"

चंपतरावांचा हात ताटात थांबला. खरंच होतं. कापूस मऊ, तापत नाही, खडखडत नाही. वर तरट, त्यावर लोखंडी पट्ट्या. इतकं सोपं बाईमाणसाला सुचावं, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं, पण भाकरी संपली.

जिनिंग मिलमध्ये उत्तमराव गठाणी दाबायच्या प्रेसवर फिटर होता. ऐकल्या ऐकल्या तो खूश झाला. त्याच्या आयुष्यात कापसाशिवाय काही दाबायची संधी आली नव्हती.

"मशीनखाली नाही घालायची," चंपतराव घाईनं म्हणाले.

"नाही ना, भाऊ. पोळी होऊन जाईन. पायानं तुडवू."

आणि त्यांनी तुडवली. खाली तरट, त्यावर रुईचा थर, त्यावर आख्खी सायकल आडवी, वर पुन्हा रुई. मनकर्णाबाई बाजूला उभं राहून सांगत होत्या, "अजून टाका. चाकापाशी कमी वाटून राह्यलं. घंटीपाशी टाका." उत्तमरावानं दाभणानं शिवण घातली, पट्ट्या आवळल्या, काळ्या रंगानं वर मार्का मारला. शेवटी सवयीनं कडेला चीर पाडून हात जाईल एवढी खिडकी ठेवली. बाजारात प्रत्येक गठाणीला ती असते. घेणारा हात घालून नमुना ओढतो, बोटांवर धागा ताणून बघतो. नमुन्याची खिडकी नसलेली गठाण म्हणजे आत नक्की काहीतरी लपवलंय.

गठाण तयार झाली. चंपतराव समाधानानं वळले, सवयीनं हात हँडलकडे गेला, आणि हवेत राहिला.

सायकल आत होती. ते बाहेर होते. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

एवढ्या दिवसांत त्यांनी सायकल कशी जाईल याचा विचार केला होता. ती बांधल्यावर आपण कसे जाणार, हे डोक्यात आलंच नव्हतं. ते भिंत धरून उभे राहिले. उत्तमरावानं एकदा त्यांच्याकडे, एकदा मनकर्णाबाईंकडे पाहिलं आणि हातगाडीवाल्याला म्हणाला, "गठाण घसरते रे. वर कोणीतरी वजनदार माणूस बसला पायजे."

चंपतराव गठाणीवर बसून बाजारातून घरी आले. दोन दिवसांनी तसेच बसस्टँडवर गेले.

हैदराबादच्या विमानतळावर तर देवच पावला म्हणावं, पण चंपतराव देव मानत नव्हते. तिथे हँडलवाली चाकाची गाडी मिळाली. सामान ठेवा आणि धरून चाला. चंपतरावांनी ती अशी धरली की मनकर्णाबाईंना वाटलं, हे आता तिच्यावर टांग टाकतात.

तपासणीच्या माणसानं गठाणीकडे पाहिलं. "चाचा, इसमें क्या है?"

"सायकल."

त्यानं खिडकीत बोटं घातली, रुई ओढली. पुन्हा ओढली. पुन्हा. "ये तो रुई है."

"सायकल अंदर है."

"कितना अंदर?"

कोपरापर्यंत हात गेला तरी सायकल लागेना. मनकर्णाबाईंनी रुई टाकताना हात आखडता घेतला नव्हता. मग पट्ट्या कापल्या. दाबून बसलेली रुई सैल झाली आणि फुलू लागली, फुलतच राहिली. रांगेतले लोक शिंकू लागले. एका बाईच्या काळ्या बुरख्यावर आदिलाबादचा कापूस उडून बसला. शेवटी सायकल बाहेर आली, आख्खी, घंटीसकट. चंपतरावांनी पटकन तिचं हँडल धरलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

तपासणीवाला सायकलीकडे बघत राहिला. मग त्यानं पाना मागवला, हँडल फिरवून दांडीला समांतर केलं, पायडल काढले, पुढचं चाक काढून बाजूला बांधलं. बैल सुटा झाला. चंपतराव तोंड उघडं ठेवून बघत होते. तरट आणि थोडी रुई गुंडाळून त्याची एक सुटसुटीत मोट झाली आणि सरकत्या पट्ट्यावरून पडद्याआड गेली. उरलेली सगळी रुई मनकर्णाबाईंनी खाली बसून गोळा केली आणि पिशव्यांत दाबून भरली. एक पुंजकाही सोडला नाही.

पुढच्या दारापाशी ती चाकाची गाडीही ठेवून घेतली. चंपतराव रिकाम्या हातांनी उभे राहिले. मनकर्णाबाईंनी पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर घेतली आणि मोकळा खांदा त्यांच्या बाजूला करून उभ्या राहिल्या. इकडचं कोणी बघत नाही असं पाहून चंपतरावांनी त्यावर हात ठेवला.

मस्कतला मोट फिरत्या पट्ट्यावर मजेत गोल फिरत आली. सुधाकरराव खोटं बोलले नव्हते. तिथेही चाकाची गाडी मिळाली, आणि चंपतरावांच्या जिवात जीव आला. काचेपलीकडे जावई दिसला. एवढं अंतर गाडी धरून पार झालं की मोटारीत बसायचं, मग घरी सायकल जोडायची. निभलं.

जावयानं वाकून जयभीम केला, आणि म्हणाला, "द्या मामा, मी ढकलतो." आणि गाडी घेऊन चालू लागला.

चंपतरावांच्या हातात पुन्हा हवा आली. मनकर्णाबाई पोरीची खुशाली विचारत जावयासोबत पुढे गेल्या होत्या. इलाज नव्हता. ते चालले, एक पाय पूर्ण, एक पाय दोन बोटं कमी.

थोडं पुढे जाऊन जावई थांबला. गाडीवरचं सामान नीट करू लागला. चंपतराव जवळ आले तसा पुन्हा निघाला. पुन्हा थांबला, पुन्हा सामान नीट केलं. सामान तर नीटच होतं. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा चंपतरावांच्या लक्षात आलं.

"कधी कळलं तुमाले?"

"लग्नात." जावई दोरी ओढत म्हणाला. "तुमी सायकलीवर परात ठेवून वाढत होते ना, तेव्हा आमच्या आजीनं विचारलं, पाय कोनता म्हून."

"मंग?"

"म्या सांगितलं, डावा दिसते."

"काय म्हणे आजी?"

"म्हणे, बुंदी चांगली हाये."

पुढची पावलं चंपतरावांनी भिंत न शोधता टाकली, आणि जावई सामान नीट करायचं सोडून त्यांच्या बाजूनं चालू लागला. मग त्याचं लक्ष मोटेकडे गेलं.

"हे काय हाये, मामा? कशात आणली सायकल?"

"पेटी... पेटी नाही ती. खोकाबी नाही. गठाण होती, मंग तिची..." चंपतराव गोंधळले. दोन महिने ज्याचा विचार केला त्याला नाव देता येईना.

"अन् एवढा कापूस कशाले?" जावयानं मनकर्णाबाईंच्या फुगलेल्या पिशव्यांकडे बघत विचारलं.

"लेकराच्या गादीले. अन् तिच्या उशीले. इकडं वाळूच वाळू, कापूस कुठून भेटन?" मनकर्णाबाई चालता चालता नवऱ्याकडे मान करून म्हणाल्या. "एवढा कापूस नुसता नेतो म्हटलं असतं तर यायनं नेऊ देला असता का? म्हून म्हटलं, सायकल घाला आत."